सांगून ठेवा

पुण्यातली नोकरी गेली तेव्हा मी परतूरला घरी आले, आणि आल्या दिवशीच वडिलांनी गल्लीत जाहीर करून टाकलं की कंपनीनं पोरीला घरूनच काम दिलंय. मला विचारलंसुद्धा नाही. तहसील कचेरीतून निवृत्त झालेला माणूस, शब्द जपून वापरणारा. माझ्यासाठी ते उभ्या आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं खोटं बोलले होते, त्यामुळे रागवायचीही सोय नव्हती. मी रोज सकाळी पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून अर्ज पाठवत बसायची. उत्तर कुठूनच येत नसे. शेजारीण डोकावली की आई ओठांवर बोट ठेवून "मीटिंग चालूय" म्हणायची. मला आधी हसू यायचं आणि नंतर रडू.

अशात व्हॉट्सॲपवर आलं की जालन्यात नोकरी-उद्योगातल्या लोकांसाठी व्याख्यान आहे, या आणि ओळखी वाढवा. आमच्याकडे ओळखी वाढवायला सभागृह लागतं हे मला नवीनच होतं. इथं एसटीत शेजारी बसलेली बाई चौकशी करत करत जालना येईपर्यंत तुमच्या आजोळापर्यंत जाऊन पोचते. तरी गेले, कारण घरात बसून जीव आंबला होता.

सुरुवातीला प्रत्येकानं उठून नाव आणि कंपनी सांगायची होती. कुणी सळईच्या कारखान्यातला, कुणी बियाणं कंपनीतला. माझी पाळी आली आणि तोंडातून निघून गेलं, "कन्सल्टंट." कशाची, ते देवालाच ठाऊक.

व्याख्यान द्यायला आलेल्या बाई पन्नाशीच्या, भोकरदनकडच्या, एका बियाणं कंपनीत खरेदीचा विभाग सांभाळणाऱ्या. प्रोजेक्टर बंद पडला तर त्यांनी त्याची वाटही पाहिली नाही.

"पोरीला स्थळ पाहायचं असलं की आपण काय करतो?" त्या म्हणाल्या. "मामाला सांगतो, मावशीला सांगतो, बांगड्या भरणारीला बी सांगून ठेवतो. लाज वाटती का? बिलकुल न्हाई. आन् नोकरी गेली की दार लावून बसतो. मंग नोकरीला कळावं कसं, तुम्ही घरात बसून राह्यले म्हणून?"

सगळे हसले. मी मात्र चोरी पकडल्यासारखी खुर्चीत अंग आवळून बसले.

चहाच्या वेळी त्या माझ्याकडेच आल्या. "कन्सल्टंट म्हंजे नोकरी बघून राह्यल्या ना?"

मी मान हलवली.

"मी बी होते एकदा कन्सल्टंट. लई दिवस. घरी माहीत हे का?"

मी वडिलांचं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी तुमच्यासाठी झाकलं. तुम्हीच त्यांना सांगा, झाकण्यासारखं यात काही न्हाई." नोकरी त्यांनी देऊ केली नाही, पण नोकरी गेल्यापासून माझ्याशी कुणी इतकं सरळ बोललं नव्हतं. परतीच्या वाटेवर मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

रात्री जेवताना मी वडिलांपुढे विषय काढला. त्यांनी ऐकून घेतलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची असती," ते म्हणाले. मग भाकरी मोडता मोडता, "आन् आता सांगितलं तर लोकांत मी खोटा पडतो."

गावात त्यांची कमाई एवढीच होती की यांचा शब्द म्हणजे शब्द. ती माझ्यासाठी उधळा, असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? मी विषय सोडून दिला.

पुढच्याच आठवड्यात आष्टीला नात्यातलं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत वडिलांच्या कचेरीतले एक जुने सहकारी शेजारी बसले. "पोरीला सुट्टी दिली वाटतं कंपनीनं?" त्यांनी विचारलं. मी उत्तर जुळवायला लागले, तेवढ्यात वडीलच बोलले.

"कंपनी न्हाई आता. नोकरी गेली तिची. घरून काम करती म्हणून मी सांगत होतो, ते खोटं होतं." आवाज जरासुद्धा दबला नव्हता. "हिशेबाच्या कामात पक्की हे. कुठं असलं तर सांगून ठेवा."

मला वाटलं, आता पंगत थांबणार. कशाची थांबते? वाढपी मठ्ठा घेऊन पुढे गेला. सहकारी म्हणाले, "आधी न्हाई का सांगायचं? साडूला विचारतो माझ्या." त्या साडूंनी आणखी कुणाला सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला, आणि अशानंच पुढे मला जालन्यात नोकरी लागली. व्याख्यानाच्या त्या बाईंची तर मी ऋणी आहेच.

पण त्या दिवशी हात धुऊन झाल्यावर वडील मला घेऊन मांडवभर फिरले, कुणी विचारलेलं नसताना. इतकी वर्षं ते आधी माझ्या कंपनीचं नाव सांगायचे आणि मग माझं. आता सांगायला कंपनीच नव्हती. "ही माझी पोरगी," एवढंच ते प्रत्येकाला म्हणायचे, आणि मान ताठ ठेवून नोकरीचं सांगून ठेवायचे.