ताईच्या वाटचे बाबा

बागेत एक माणूस आपल्या छोट्या मुलीचं तोंड रुमालानं पुसत होता. माझ्या शेजारी बसलेली ताई म्हणाली, "बाबा तुझं तोंड अस्संच पुसायचे. त्यांच्या रुमालाला कापराचा वास यायचा."

बाबा वारले तेव्हा मी तीन वर्षांची होते, ताई आठ. तोंड माझं आणि आठवण तिची! मला तिचा भयंकर मत्सर वाटला. नको ते सगळं साठवणाऱ्या माझ्या मेंदूला तेवढा एक वास जपता आला नाही?

"तुझं बरंय," मी फणकारले. "तुला सगळं आठवतं."

"हो," ताई हळूच म्हणाली. "त्यांना नेलं ती सकाळसुद्धा."

मी तिचा हात धरला. पण मत्सर गेला नाही. मला ती सकाळही हवी होती.