कोरडा पदर

मी देवळात जातो, पण बहुतेक वेळा चपलांजवळच थांबतो. भोंगा मोठा केला की देवीला जास्त ऐकू येतं, यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. अशा माणसाच्या ताब्यात गावानं देवीची बोट का दिली, तर एका बैठकीत मी प्रश्न विचारला म्हणून. आमच्याकडे प्रश्न विचारणाऱ्यालाच कामाला लावतात.

आमचं गाव अंबड तालुक्याच्या टोकाला, गोदावरीच्या काठावर. दसऱ्याला आमची देवी नदी ओलांडून पलीकडच्या गावी बहिणीला भेटायला जाते. नदी हीच जिल्ह्याची हद्द, तेव्हा आमचं सीमोल्लंघन खरोखरचं. पलीकडच्या बायका काठावर वाट बघत उभ्या असतात आणि देवी उतरली की आधी तिच्या लुगड्याचा पदर चाचपतात. कोरडा असला तर बहीण राजीखुशीनं आली; ओला असला तर आम्ही तिला फरफटत आणली. लाकडी नावेच्या काळात पदर कधी भिजल्याचं कोणाला आठवत नाही. मग गावानं एका धरणावरची जुनी, छोटी केबिनची बोट विकत आणली आणि लागोपाठ दोन दसरे पदर ओला निघाला. देवी केबिनमध्ये मागच्या कोपऱ्यात बसते, आणि पाणी नेमकं तिथंच साचायचं. "का हो मास्तर, आमच्या बहिणीला पवत आणलं का काय?" असं गेल्या वर्षी एक बाई म्हणाली आणि दोन्ही काठ हसले. मीही हसलो, पण रात्रीचं जेवण गेलं नाही. यंदा देवस्थानच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं, दसऱ्याआधी बोट गळायची थांबली नाही तर देवी पुलावरून, डीजेच्या गाडीतून जाईल. पिढ्यान् पिढ्या पाण्यावरून जाणारी बाई माझ्या कारकिर्दीत ट्रकात बसणार, हे मला झोंबलं.

बोट चालवतो रफिक. आम्ही दोघांनी ती काठावर ओढली, आतून पाणी भरलं आणि खाली वाकून ठिबक शोधत बसलो. तळाला एक बारीक चीर सापडली. ती बुजवून आम्ही पेढे खाल्ले. पुढच्याच पावसात त्याच कोपऱ्यात पुन्हा पाणी. पुन्हा तळ तपासला, तो ठणठणीत. छताकडे बघावं तर एक थेंब टपकत नव्हता, आणि भिंतींच्या पांढऱ्या ऑइलपेंटवर ओल दिसत नव्हती. रफिक म्हणाला, "नीचे से तर न्हाई येऊन राह्यलं, मास्तर. मंग कुठून येऊन राह्यलं, ते तुमच्या पुस्तकात बघा." माझ्या पुस्तकांत सगळं आहे, एवढं सोडून.

पाचव्या माळेला दुपारी मी केबिन पुसून कोरडी केली होती, तेवढ्यात पावसाची सर आली. डोक्यावर गाठोडं घेतलेली एक बाई आडोशाला आत शिरली. गावातली नव्हती, देवीच्या ठाण्यांना पायी फिरणाऱ्यांपैकी असावी. "आई कुठं बसती?" तिनं विचारलं. मी कोपरा दाखवला. तिनं पिशवीतून ओंजळभर हळद काढली आणि "उदो" म्हणून वर उधळली. छत, भिंती, बाकडी, माझा चष्मा, सगळं पिवळं.

"मावशी, आत्ता पुसलं होतं हो!" मी जरा चिडूनच म्हणालो.

"आसू द्या, दादा. आज नगा पुसू. वाट दिसू द्या की."

सर थांबली, ती निघून गेली. फडकं माझ्या हातात होतं, तरी मी का पुसलं नाही, ते मला अजून सांगता येत नाही. कंटाळा म्हणालात तरी चालेल.

रात्री पाऊस पडून गेला. सकाळी दार उघडलं तर पिवळ्या भिंतींवरून गडद ओघळ उतरले होते. काही खिडकीच्या चौकटीतून, बाकीचे छताच्या कडेवरून, आणि सगळे मागच्या कोपऱ्यात मिळत होते. तर्जनी टेकवून मी एकेका ओघळामागे वर गेलो. छताच्या कडेचा प्रत्येक ओघळ एका स्क्रूपाशी संपत होता. आणि प्रत्येक स्क्रू बाहेरच्या एकेका पाटीचा होता. बोट आली तेव्हा देणगीदारांनी आपापल्या वडिलांच्या स्मरणार्थ स्टीलच्या पाट्या ठोकून घेतल्या होत्या. देवीपेक्षा वडीलच जास्त झाले होते. सगळ्यात रुंद ओघळ निघाला तो माझ्या वडिलांच्या पाटीखालून.

अध्यक्ष आले. "पाट्या काढायच्या? मास्तर, लोकांच्या भावना हैत त्यात."

"भावना चांगल्याच हैत, अध्यक्षसाब," रफिक म्हणाला, "भोकं खराब हैत."

मी वाद घातला नाही. पेचकस घेतला आणि आधी माझ्या वडिलांची पाटी उतरवली. अध्यक्षांनी ती हातात घेऊन कडेनं चाचपली. मग म्हणाले, "आमच्या आबांची जरा जपून काढा. कड वाकंल."

भोकं साफ करून आम्ही त्यांत रेझिन भरलं, वरून फायबरचं कापड चिकटवलं, खिडक्यांचे रबर बदलले. ते वाळल्यावर केबिन पुसून मी स्वतः हळद आणली आणि दोन्ही हातांनी उधळली. बायको काठावरून बघत होती. म्हणाली, "आता अंगात येऊ देऊ नका, म्हंजे झालं." रफिकनं छतावर मोटारीचं पाणी सोडलं, भरपूर. आत पिवळं होतं तसंच राहिलं. एक ओघळ नाही.

दसऱ्याला बोट पलीकडे लागली. गेल्या वर्षीचीच बाई पुढं आली. तिनं पदर चाचपला, पुन्हा चाचपला, उलटून बघितला. मग माझ्याकडे बघून ओरडली, "कोरडा हाय गं बायांनो, ठक्क कोरडा!" हलगी कडाडली. रफिकनं गरज नसताना बोटीचा भोंगा वाजवला, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला भोंगा आवडला. माझा ऊर भरून आला होता. ते मी लपवलं नाही. त्या दिवशी बहिणीच्या देवळात मी चपलांजवळ थांबलो नाही.

गर्दीत त्या मावशीला खूप शोधलं. दिसली नाही. ती कोण होती हे मी ठरवत बसत नाही. हात जोडायला नाव कळावं लागत नाही, एवढं मला आता कळतं. वडिलांची पाटी घरी कपाटावर ठेवली आहे. बोट मीच पुसतो. देवी बसते तो कोपरा मात्र पिवळा राहू देतो.