रविवारचे केस गुरुवारपर्यंत

माझे केस कुरळे आहेत. हे मला ठाऊक नसावं अशा काळजीने भेटेल तो माणूस मला ते सांगतो. त्यानंतर सल्ला येतो. तेल लाव. तेल लावू नकोस. रोज विंचर. कंगवा फेकून दे. सल्ला देणाऱ्या सगळ्यांचे केस सरळ असतात, म्हणजे त्यांना या विषयाचा त्रयस्थपणे विचार करता आलेला असतो.

न्हाल्यावर पहिला दिवस केस शहाण्यासारखे वागतात. दुसऱ्या दिवशी ज्या कुशीवर झोपले असेन त्या बाजूने चपटे होतात. तिसऱ्या दिवशी डोक्यावर कुणीतरी गादीचा कापूस पिंजून गेल्यासारखं दिसतं. पूर्वी अशा वेळी वेणी घालून मोकळी व्हायचे, पण दिवाळीत एका व्हिडिओच्या सल्ल्याने केस खांद्यापर्यंत कापून घेतले. आता वेणीही बसत नाही.

आमच्या हॉस्टेलवर गरम पाणी रविवारी पुरतं, कारण निम्म्या मुली घरी गेलेल्या असतात. त्या रविवारीही मी न्हाले आणि सोमवारी कॉलेजात नोटीस लागली. औषधं बनवणाऱ्या एका कंपनीची माणसं गुरुवारी सकाळी नऊ वाजता मुलाखती घ्यायला येणार होती. मी रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. मुलाखत म्हणजे टीव्हीवर मोठ्या लोकांची घेतात ती, एवढंच आम्हाला माहीत. त्यामुळे मी घाबरले होते, हे कबूल करते.

विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "अभ्यास आहे गं तुझा. पण केसांचं काहीतरी कर. प्रेझेंटेबल दिसायला पाहिजे."

मॅडमचे केस सरळ आहेत. 'काहीतरी' म्हणजे नक्की काय, हे सांगायची त्यांना गरज वाटली नाही.

वाटेल की पुन्हा न्हायचं, त्यात काय. पण सोमवारी आमच्यात बायका न्हात नाहीत. मंगळवारी अमावस्या होती. गुरुवारी पहाटे न्हाले तर हे केस वाळायला दुपार उजाडते. उरला बुधवार, आणि बुधवार हा माझ्या भावाचा वार. भाऊ ज्या वारी जन्मला त्या वारी बहिणीने न्हायचं नाही, न्हालं तर ते भावाला बाधतं, हे आईने मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलंय.

पाण्याचा रेणू वार बघत नाही, हे मी परीक्षेत पूर्ण गुणांचं लिहू शकते. पण दादा आमच्या पेठ वडगावजवळच्या गावाहून कागलच्या एमआयडीसीत कामाला जातो, रोज हायवेवरून, मोटारसायकलवर. मागच्या पावसाळ्यात तो घसरून पडला, कोपराला टाके पडले. तो दिवस शुक्रवार होता. तरी आईचा फोनवरचा पहिला प्रश्न होता, "तू बुधवारी न्हालतीस का गं?" मी न्हाले नव्हते. पण पुढचे दोन दिवस मी आठवत बसले होते की खरंच न्हाले नव्हते ना.

तर पंचांगाने सगळ्या बाजूंनी नाकेबंदी केल्यावर मी विज्ञानाकडे वळले, म्हणजे मोबाईलकडे. त्यात एक मुलगी न्हाल्याशिवाय पाच दिवस कुरळे केस ताजे कसे ठेवायचे ते सांगत होती. अगदी सोपं होतं. तिच्या मागे दिसणारं न्हाणीघर आमच्या चौघींच्या खोलीपेक्षा मोठं होतं, एवढीच काय ती अडचण. साटीनच्या उशीवर झोपा, सकाळी पाण्याचा हलका फवारा मारा आणि जवसाचं जेल लावा.

साटीनची उशी नव्हती. आजऱ्याची माझी रूममेट मनाने मोठी, तिने तिचा साटीनचा परकर दिला. तो डोक्याला गुंडाळून मी मंगळवारी सकाळी उठले, तेव्हा ती दारात चहा घेऊन उभी होती.

"पावणं, घुंगट वर करा की. चहा घेताय न्हवं?"

"हसू नकोस. काम करतंय हे."

"व्हय, दिसतंय की. परकर लई झ्याक राहिलाय, एक सुरकुती न्हाय."

फवाऱ्यासाठी रेक्टरबाईंच्या कुंड्यांवर पाणी मारायची बाटली मागून आणली. त्याने केस ताजे झाले नाहीत, ओले मात्र झाले. पण जवसावर माझा भरवसा होता, कारण जवस माझ्याकडे होते. आईने डबा भरून दिले होते. व्हिडिओतली मुलगी ज्याला फार दुर्मीळ वस्तू म्हणत होती, ती आमच्या घरी भाकरीबरोबर खातात, या विचाराने मला थोडा अभिमानही वाटला.

बुधवारी दुपारी तास नव्हता. हॉस्टेलवर चोरून ठेवलेल्या किटलीत मी जवस उकळले. व्हिडिओत स्वच्छ, पारदर्शक, बोटाला तार धरणारं जेल झालं होतं. माझं तांबूस आणि पातळ झालं. मला वाटलं आपल्याकडच्या पाण्याचा दोष असेल. गाळून, गार करून, सगळ्या डोक्याला नीट लावलं आणि गच्चीवर उन्हात जाऊन बसले.

अर्ध्या तासात केसांच्या काड्या झाल्या. काड्यांवर पांढरी भुकटी दिसायला लागली. रूममेट कपडे वाळत घालायला वर आली आणि जागीच थांबली.

"चटणी कुणी आणलीया गं?"

"कसली चटणी?"

तिने जवळ येऊन माझं डोकं हुंगलं. "अगं बया! तुझ्या डोक्याचा वास हाय हा. थांब, खालनं भाकरी घेऊन येते."

तेव्हा मला आठवलं. आईने जवस कच्चे दिलेच नव्हते. हॉस्टेलवर कुठे भाजत बसेल पोरगी, म्हणून तिने ते खरपूस भाजून, मिठाचं पाणी मारून दिले होते. लसूण नि तिखट घालून कुटलं की चटणी तयार. तीन वर्षं प्रयोगशाळेत बाटलीवरचं लेबल वाचल्याशिवाय काही ओतायचं नाही हे शिकलेली मी, आईच्या डब्याला मात्र काही विचारलं नव्हतं.

आता न्हाण्यावाचून उपाय नव्हता. अशा डोक्याने मुलाखतीला जाणं शक्य नव्हतं, आणि न जाण्याइतकी मी श्रीमंत नव्हते. मी बादली भरली. तांब्या हातात घेतला आणि तशीच उभी राहिले. रेणू वार बघत नाही, हे मोठ्याने म्हणून पाहिलं. मग तांब्या खाली ठेवून दादाला फोन लावला.

सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "डोक्याला चटणी लावलीस?"

"दादा, मस्करी नको. न्हाऊ का सांग."

"अगं, मी सोत्ता रोज न्हातोय ते चालतंय, आन् तू न्हालीस की माझ्यावर आभाळ पडतंय व्हय? न्हा की येडे."

"तू घरी जाताना गाडी हळू चालव. आणि पोचलास की फोन कर."

"गाडी व्हय," तो पुटपुटला. मग म्हणाला, "बरं, बरं. करतो."

मी न्हाले. पाणी गार होतं, तरी मी घाईने न्हाले नाही, कारण नियम मोडायचाच तर निदान मीठ तरी पूर्ण निघावं. त्यानंतर संध्याकाळभर मी पुस्तक उघडं ठेवून मोबाईलकडे बघत होते. दादाची सुटी पाचला होते, तो सहाला घरी असतो. सहा वाजले, सात वाजले. फोन लागेना. सव्वासातला मी देवाला सांगून टाकलं की नोकरी नको. आठला दादाचा मेसेज आला, "पोचलो." एवढाच. मी देवाला घाईघाईने दुसरा निरोप पाठवला.

गुरुवारी केस सुंदर दिसत होते. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी लॅपटॉपवरून मान वर केली नाही. त्यांनी टायट्रेशनवर तीन प्रश्न विचारले, मी अडखळत उत्तरं दिली आणि त्यांनी लॅपटॉपलाच थँक्यू म्हटलं. दुपारी दुसऱ्या फेरीची यादी लागली. त्यात माझं नाव होतं.

आईला फोन केला. आधी नाव लागल्याचं सांगितलं. ती काही बोलायच्या आत म्हणाले, "आई, मी काल न्हाले."

"मला म्हाईतच हुतं."

"दादानं सांगितलं?"

"त्यो कशाला सांगतोय? सोमवारी मुलाखतीचं बोललीस तवाच मी ओळखलं, ही बुधवारी न्हाणार. म्हनून सकाळी त्याच्या गाडीची चावी काढून घेतली. दोन येष्ट्या बदलून गेला कामाला, शिव्या घालत. रात्री आठला आला घरात."



"मग मला न्हाऊ नको असं का सांगितलं नाहीस?" मी विचारलं.

"आन् तू तशीच मुलाखतीला गेली असतीस म्हंजे?" आई म्हणाली. "दुसरी फेरी कवा हाय, त्ये सांग."