पंक्चरची रंगीत तालीम

माझे भावोजी खोटे दात करतात, आणि त्यांच्या दारात जी गाडी उभी आहे तीही खोटीच आहे. दोन्हींबद्दल लोक त्यांचं तोंडभरून कौतुक करतात. त्या लोकांना भावोजींच्या वरच्या मजल्यावर राहावं लागत नाही.

मला राहावं लागतं. घर आम्हा दोघी बहिणींचं. खाली ताई आणि ते, वर मी. मी लाँड्रीच्या काउंटरवर बसते, लोकांच्या कपड्यांवरचे डाग बघण्यात माझा दिवस जातो, त्यामुळे माणसांतही मला आधी डागच दिसतात असं भावोजींचं म्हणणं. मला ते तोंडावर 'अगं' म्हणतात आणि मागे 'वरची'. जिन्यात आवाज चांगला येतो, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

कामात त्यांचा हात धरणारा कोणी नाही, हे मी दातओठ खात का होईना, कबूल करते. डॉक्टरांकडून जबड्यांची मापं येतात, हे मेण आणि प्लास्टर घेऊन बसतात आणि कवळी उभी करतात. एका बँडवाल्याचे दात पडले तेव्हा नव्या कवळीवर त्याला कर्णा वाजवता येईना. भावोजींनी त्याचा जुना फोटो मागवला, पुढच्या दोन दातांतली फट भिंगातून पाहिली आणि तीच फट नव्या कवळीत पाडली. तो बाबा रडतरडत वाजवत गेला म्हणे. माणसाच्या तोंडाकडे इतकं बारकाईनं बघणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या तोंडातून काय बोललं जातंय, ते मात्र त्यांच्या कानात शिरत नाही. ताई गेली कित्येक वर्षं बोलते आहे.

आता गाडी. कोणे एके काळी शर्यतीत पळणाऱ्या गाडीची ती नक्कल. दोन माणसांची, बिनछपराची, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. अंग फायबरचं, ते भावोजींनी अंगणात स्वतः ओतलं आणि घासलं. त्या घासण्याची पूड माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांत जायची, आणि मी काउंटरवर गिऱ्हाइकांसमोर खाजवत बसायची. आत इंजिन आहे पाव पोचवणाऱ्या जुन्या व्हॅनचं. प्रत्येक चाकाच्या मधोमध तीन पात्यांचा मोठा चकचकीत नट आहे. खऱ्या गाडीत तो हातोडी मारून सोडवायचा असतो. इथे ते प्लास्टिकचं झाकण. काढलं की खाली चारचौघांच्या गाडीला असतात तसे पाच नट. तरी भावोजींनी एक तांब्याची हातोडी आणून गाडीत ठेवली आहे, कातड्याच्या म्यानात. हत्तीचे खायचे दात वेगळे नि दाखवायचे वेगळे हे त्यांना मी सांगायला नको, त्यांचा तर धंदाच तो.

गाडी पूर्ण झाली त्याच सुमारास भाचीला मुलगी झाली. भाची राहते घाटाच्या पलीकडच्या गावात. ताईची पहिलीच नात. दुसऱ्या दिवशीच्या बसनं जायची तिची तयारी होती. पण भावोजी म्हणाले, "बसनं कशाला? गाडीची पहिली फेरी नातीकडेच करू." सगळ्या गल्लीला त्यांनी ते सांगूनही टाकलं. ताई विरघळली. "त्यांनी इतकं मनावर घेतलंय, मोडवत नाही गं," म्हणाली, आणि बॅग भरून दाराशी ठेवली.

बॅग तिथेच राहिली. कारण भावोजींच्या डोक्यात आलं, घाटात पंक्चर झालं तर?

लोक तहान लागल्यावर विहीर खणतात. भावोजी आधी खणतात, ते ठीक. पण इतकी खणतात की पाणी प्यायला माणूस उरू नये. टायर बसला की गाडी एवढी खाली येते की जॅक आत सरकत नाही, हे त्यांना कळलं. मग त्यांनी लाकडाची उतरती फळी तासली. चाक आधी फळीवर चढवायचं, मग जॅक सरकवायचा. पहिली फळी त्यांना उंच वाटली, दुसरी बुटकी, तिसरी गुळगुळीत. मग कळलं की जॅक कुठेही लावला तर फायबर तडकेल. मग खालच्या लोखंडी पाइपावर लाल रंगाच्या खुणा आल्या. रंग वाळायला दिवस, खूण मनासारखी नाही म्हणून पुसायला दिवस. तिकडे भाची फोनवर म्हणायची, "आई, ये ना गं. बोळकं पसरून हसते नुसती. दात आले की हे हसू गेलं बघ." ताई फोन ठेवायची आणि अंगणात जाऊन विचारायची, "अहो, झालं का?" आतून, म्हणजे गाडीखालून, आवाज यायचा, "झालंच."

मी वरून सुनावायची. "भावोजी, नात शाळेतून येईल तुम्हाला घ्यायला!" पालथ्या घड्यावर पाणी. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि ताई मला वर बघून डोळ्यांनी गप्प करायची.

शेवटी एका रविवारी सकाळी रंगीत तालीम ठरली. सोमवारी निघायचं नक्की झालं होतं. भावोजींनी मागच्या डाव्या चाकातली हवा स्वतः सोडली. दात करतानाचा पांढरा एप्रन अंगावर, हातात मोजे. ताई शेजारी उभी. ते मागे न बघता हात पसरायचे, "फळी." ताई फळी द्यायची. "जॅक." जॅक. "पाना." पाना. ऑपरेशन चाललंय म्हणावं तर पेशंट लोखंडाचा. पाच नट सुटले, चाक निघालं, स्टेपनी चढली. डिकीत पेट्रोलची टाकी, म्हणून तिथे बसेल अशी अरुंद स्टेपनी त्यांनी मुद्दाम मिळवली होती. सगळं नीट झालं. ताईनं टाळ्यासुद्धा वाजवल्या, भोळी ती.

मग त्यांनी काढलेलं चाक उचललं आणि डिकीत ठेवायला गेले. बसेना. मागची चाकं चांगली रुंद, डिकीची जागा अरुंद स्टेपनीपुरती. आडवं घालून पाहिलं, तिरकं घालून पाहिलं. इतके महिने पंक्चरचा विचार करणाऱ्या माणसाला पंक्चर झालेलं चाक ठेवायचं कुठे, हा विचार शिवला नव्हता. मी जिन्यात बसून बघत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटत होतं.

भावोजी उकिडवे बसले. डिकीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं. मग शेजारच्या सीटकडे पाहिलं. आणि त्यांचा चेहरा उजळला. चाक उचलून त्यांनी ताईच्या सीटवर ठेवलं, त्याला पट्टा बांधला, हलवून पाहिलं. जराही हललं नाही.

"जमलं!" ते म्हणाले.

"आणि ताई?" मी विचारलं.

"ती थांबेल. मी पुढच्या गावात पंक्चर काढतो आणि तिला घ्यायला येतो."

"घाटात थांबेल? एकटी?"

"सावलीत," ते म्हणाले. मग त्यांनाच काहीतरी सुचलं. आत गेले आणि घडीचं स्टूल, छत्री नि पाण्याची बाटली घेऊन आले. "हे सगळं तिच्या पायाशी बसतं. उगाच मी काही विचार करत नाही असं म्हणू नकोस."

मला वाटलं, आता तरी ताई काही बोलेल. ताईनं स्टूल हातात घेतलं आणि त्याचे पाय नीट उघडतात का ते बघितलं.

"मग तेवढंही करून बघू," भावोजी म्हणाले. "तू फाटकाबाहेर बस. मी एक चक्कर मारून येतो. चाक वळणावर घसरतं का, बघायला हवं."

आणि बसली हो ती! फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, स्टुलावर, छत्री उघडून. गाडी चाकाला शेजारी घेऊन गेली. येणारेजाणारे बघत होते. समोरच्या शिंप्यानं मशीन थांबवून विचारलं, "काय वहिनी, कोणाची वाट बघताय?" ताई म्हणाली, "पंक्चर झालंय." शिंप्यानं इकडेतिकडे पाहिलं, रस्त्यावर गाडी नव्हती. तो पुन्हा मशीनवर वाकला. मी खाली आले नाही. वरूनच बघत राहिले, आणि भावोजी आले की काय काय बोलायचं ते घोळवत राहिले.

भावोजींना यायला उशीर झाला. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. ती नुसतं ऐकत होती. "हो का," म्हणाली. "हो का गं." मग फोन मांडीवर ठेवला आणि छत्री मिटली, ऊन तसंच असताना.

गाडी आली. भावोजी उतरायच्या आधीच बोलू लागले. "जागचं हललं नाही चाक! गल्लीत चाचणीला तू बसतेस तेव्हा गाडी जराशी डावीकडे ओढते, आज ओढली नाही."

"पोरीला दात आला," ताई म्हणाली.

भावोजींचे डोळे चमकले. "खालचा की वरचा?"

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. ती असं कोणाकडे बघते, हे मला माहीतच नव्हतं. मग तिनं स्टूल मिटलं, फाटकाला टेकवून ठेवलं, आत गेली आणि दाराशी ठेवलेली बॅग घेऊन बाहेर आली.

"अगं, उद्या निघतोय ना आपण?" भावोजी म्हणाले. "सगळं तयार आहे आता."

"तुमचं आहे. चाक घेऊन या तुम्ही."

"म्हणजे काय? कुठे चाललीस?"

"बसनं. पंक्चर झाल्यावर उतरायचंच आहे ना मी? मग चढूच कशाला?"

मला राहवलं नाही. मी जिन्यावरून ओरडले, "शाब्बास ताई! हे कधीच करायला हवं होतंस!"

ती वळली. आवाज चढवला नाही तिनं. "आणि तू गं? इतके महिने वरून बोलते आहेस. एकदा तरी खाली उतरून म्हणालीस, चल ताई, बसनं जाऊ?"

मी म्हणाले नव्हते. मला त्यांना टोचायचं होतं, तिला न्यायचं नव्हतं.

ताई चालू लागली. बस कोपऱ्यावर थांबते. भावोजी फाटकापर्यंत धावले, तिथून हाक मारली, "थांब, सोडतो मी! बस गाडीत!" ताईनं मागे वळून सीटवर पट्ट्यात बांधलेल्या चाकाकडे पाहिलं, आणि पुढे गेली. बस आली. तिला खिडकीजवळची जागा मिळाली. बस आमच्या दारावरूनच गेली. ताई समोर बघत होती.

भावोजी परत आले ते पट्टा सोडतच. चाक खाली घेतलं, पायपंपानं हवा भरायला लागले. घामाघूम झाले. "बस घाटात हळू जाते," ते म्हणाले, कोणाला ते कळलं नाही. "चढावर गाठीन. सीट रिकामी करायला हवी." वरातीमागून घोडं ते हेच, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

मी खाली उतरून अंगणात उभी होते. का उतरले, मला विचारू नका.

त्यांनी फळी लावली, जॅक सरकवला. स्टेपनीच्या नटांवर वाकले आणि मागे न बघता हात पसरला.

"पाना."

हात तसाच राहिला, रिकामा. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. हात मागे घेतला नाही, पण बोटं हळूहळू मिटायला लागली.

मी पाना उचलला आणि फेकला. अंगावर नाही, हाताशी.