लिनबाईचे मोदक आणि माझं ‘नो’

ऐका, माझी ही फजिती मीच सांगून टाकते, नाहीतर सूनबाई तिखटमीठ लावून सांगेल.

दोन हजार चार साल असेल. अमेरिकेत पिस्कॅटवेला लेकाकडे आले होते. तिथे लायब्ररीत म्हाताऱ्यांसाठी इंग्लिशचा क्लास. मी चौथी पास, तीही रडतखडत! शेजारच्या खुर्चीत लिनबाई, चीनहून नातवंडं सांभाळायला आलेली. एके दिवशी टीचरबाईंनी सांगितलं, इथे कुणी काही देऊ केलं आणि तुम्ही ‘नो’ म्हणालात, की विषय संपला. परत कुणी विचारत नाही.

आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. आपल्यात कसं, दोनदा नको नको करायचं, तिसऱ्यांदा बशी जवळ ओढायची. तिच्यातही तस्संच निघालं की हो!

आता माझ्या अंगातल्या खोड्या जातायत कुठे? दुसऱ्याच दिवशी तिला चहाला बोलावलं. चकल्या पुढे केल्या. ती लाजत म्हणाली, “नो, नो.”

“ओके,” म्हटलं आणि बशी उचलून आत नेली.

तिचा हात बशीकडे निघालेला, तो तिथेच हवेत! मी आत ओट्याला धरून हसतेय. बिचारी नुसता चहा पिऊन गेली.

पुढच्या आठवड्यात तिने मला जेवायला बोलावलं. खास माझ्यासाठी त्यांच्याकडचे मोदक केलेले, बिनमांसाचे, उकडलेले, आत कोबी नि गाजर. क्लासात महिनाभर त्यांचं कौतुक ऐकलेलं, म्हणून सकाळपासून मी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. झाकण निघालं, वाफ आली, तोंडाला पाणी सुटलं. तिने बशी पुढे केली. आणि साठ वर्षांची मेली सवय, तोंडातून गेलंच, “नो, नो.”

“ओके,” लिनबाई म्हणाली. बशी आत. मग आतून फिदीफिदी हसू.

मला वाटलं, आता आणेल, मग आणेल. आणलं काय, तर पेलाभर गरम पाणी.

तणतणत घरी आले. सूनबाईचं जेवण उरकत आलेलं. “आई, तुम्हाला वाढू?”

उपाशी परत आले हे कुठल्या तोंडाने सांगू? म्हटलं, “नको गं.”

ती दहा वर्षं अमेरिकेत. “बरं,” म्हणाली आणि भात फ्रिजमध्ये.

शेवटी लिनबाईला न दिलेल्या त्या चकल्यांचा डबा काढला. सगळ्या मऊ पडलेल्या.