पिंकीचं वजन आणि आमची जिम

कापूस वेचून घरी आलं की पदराला, केसांना बारीक तूस चिकटलेलं निघतं ना, तसंच आमच्या जिमचं होतं. मी जायची व्यायामाला, पण येताना एक तरी गोष्ट अंगाला चिकटून यायचीच. आता इतक्या साचल्यात की भाकरी थापता थापता मी एकटीच हसते आणि माझी पिंकी टकामका बघत राहते.

आमचं गाव बोरी अरबच्या अलीकडं, लहानसं. ज्या साली बोंडअळीनं कपाशीची पराटी खाल्ली, त्याच साली कुठल्या तरी योजनेतून गावात जिमचं सामान आलं. पाहिजे होतं औषध, आली सायकल! तीही जागची न हलणारी! ठेवायला जागा नव्हती, म्हणून समाजमंदिराच्या हॉलमध्ये मांडली. बायांची बॅच दुपारी, निंदणाच्या, म्हणजे तण खुरपायच्या कामाच्या सुट्टीत.

मी काही हौसेनं गेले नाही. पिंकीच्या वेळी ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून अंगातलं बळच गेलं. एकदा पाण्यानं भरलेली घागर हातातून सुटली. घागरीच्या जागी पोरगी असती तर? त्या दिवसापासून मी पिंकीला उभ्यानं उचललंच नाही. खाली बसायची आणि मांडीवर घ्यायची. ती हात वर करून रडायची आणि उचलायच्या माझ्या सासूबाई. यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, "रोज एक तास व्यायाम कर, येईल ताकद."

सासूबाई म्हणाल्या, "एका तासात दोन ओळी निंदून होतात!"

*

जिम सांभाळायला होते वामनभाऊ. एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. व्यायामातलं त्यांना काही येत नव्हतं, पण गर्दी आवरता येत होती. पहिल्या दिवशी आम्ही दहा बाया दारातच लाजत उभ्या. भाऊ ओरडले, "पुढं सरका, पुढं सरका, मधात सगळं खाली हाय!"

व्यायाम सुरू करायचा असला की ते घंटी दोनदा वाजवायचे. थांबायचं असलं की एकदा.

एक दिवस आमच्यातल्या शेवंताला उशीर झाला. दोन घंट्या होऊन गेल्या, आमचे हात वर-खाली सुरू झाले, तेवढ्यात ती रस्त्यावरूनच हात हलवत पळत आली, "भाऊ, थांबवा! थांबवा!"

भाऊंनी एक घंटी मारली. आम्ही नऊही जणी हात वरच ठेवून थांबलो. शेवंता आत आली, जागेवर उभी राहिली. मग भाऊ म्हणाले, "स्टॉपवर वेळेत येत जा बाई, मागच्यायले कायले तरास!" आणि दोन घंट्या मारल्या.

*

कमलकाकू म्हणजे आमच्या बॅचमधली सगळ्यात मोठी बाई. भाऊंनी त्यांच्या हातात पाच किलोचं डंबेल दिलं. काकूंनी ते फिरवून पाहिलं, पदराची चुंबळ केली, डोक्यावर ठेवलं आणि हात मोकळे सोडून हॉलभर चालायला लागल्या.

"काकू, हातानं उचला ना!"

"हातानं? मंग डोक्सं कायले देल्लं देवानं?"

काकूंनी दुसरं डंबेलही वर ठेवून घेतलं. त्यांचं पाहून शेवंतानं लोखंडाची चकती ठेवली. आठवड्याभरात आमची रांगच निघायला लागली, जशा वावरातून भारे घेऊन घरी निघालो!

नेमके तेव्हाच योजनेचे एक साहेब पाहणीला आले. दारातच थबकले. मोबाईल काढून फोटो घेतला आणि विचारलं, "हा कोणता व्यायाम?"

वामनभाऊ न अडखळता म्हणाले, "हा ॲडव्हान्स हाय साहेब. बाकीचे जिल्हे अजून इथवर पोचले नाईत."

*

भाऊंनी कुठूनसं पाहून आणलं की वाकून पायाची बोटं धरायची, दहा मोजायचे आणि उठायचं. घंट्या झाल्या, सगळ्या वाकल्या. दहा झाले. भाऊंनी घंटी मारली. कोणी उठेचना! वीस झाले, तीस झाले. खालून गप्पांचा आवाज. शेवंताच्या नणदेचं लग्न कुठं ठरलं, तिथपर्यंत विषय गेलेला. कमलकाकूंनी तर फरशीच्या फटीतलं गवत उपटून बाजूला ढीग घातला होता.

भाऊ घाबरले. त्यांना वाटलं, सगळ्यांची कंबर एकाच वेळी धरली!

"उठा व बायांनो! काय झालं?"

कमलकाकू वाकल्या वाकल्याच म्हणाल्या, "कायले उठाचं? ओळ संपली का?"

*

सासूबाई तपासणीला आल्या तो दिवस मी विसरणार नाही. लाईट होती, म्हणून मी चालायच्या मशीनवर चढले होते. घामाघूम. पिंकीला कडेवर घेऊन सासूबाई दारात उभ्या राहिल्या. बराच वेळ बघितलं.

"कुठं चालली व?"

"कुठंच नाई, आत्याबाई."

"मंग एवढी घाईनं काहून चालून राह्यली?"

वामनभाऊ मध्ये पडले. मशीनवरचा आकडा दाखवत म्हणाले, "तुमची सून दोन किलोमीटर चालली, वयनी!"

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशोब केला. "आपलं वावर दीडच किलोमीटर हाय," त्या म्हणाल्या. "म्हंजे वावर मागं टाकलं अन् निंदन न करताच पुढं गेली!"

*

माझी भीती भाऊंना ठाऊक होती. अंगणवाडीत पिंकीचं वजन साडेनऊ किलो भरलं होतं. भाऊंनी घरून साडेनऊ किलो तूर पिशवीत बांधून आणली. "हे तुई पिंकी. पडली तं रडणार नाई. उचल."

पहिल्या महिन्यात पिशवी चारदा पडली. बाया धावत येऊन पिशवीलाच विचारायच्या, "लागलं का व माय?" शेवंतानं तिला टोपडं घातलं. मग माझीच सवय बिघडली. पिशवी खांद्यावर घेतली की माझा हात आपोआप तिला थोपटायला लागायचा. एक दिवस पिंकीचे बाबा मला न्यायला आले, तर मी तुरीला जोजवत होते आणि खरी पिंकी एकटी कोपऱ्यात चप्पल खात बसलेली!

आणि इतकं करून पिशवी पेलायला लागली, तर अंगणवाडीत पिंकी अकरा किलो भरली! मी रडकुंडीलाच आले. भाऊंनी पिशवी सोडली आणि दीड किलो तूर आणखी ओतली.

"हे पोरगी थांबतच नाई, भाऊ," मी म्हटलं.

"नॉनस्टॉप हाय," भाऊ म्हणाले.

*

पुढच्या साली कापूस आला, तर भाव नाही. सगळ्यांनी थांबायचं ठरवलं. घरं कापसानं भरली, माणसं आणि खाटा अंगणात आल्या. मग कोणाला तरी समाजमंदिर आठवलं. जिमचं सामान सरकारी, ते हलवायला सही लागते आणि सही करणारे साहेब रजेवर! म्हणून कापूस सामानावरच ओतला. सायकल, मशीन, डंबेल, सगळं खाली गडप. ढीग खिडकीपर्यंत. बॅच बंद.

आत्ताशी कुठं हातात बळ येत होतं. सासूबाई मात्र खूश. "आता राह्य दुपारची घरी," असं म्हणून त्या आमचा कापूस तुडवायला ढिगावर चढल्या. तुडवला की ढीग बसतो आणि जागा होते. मी खाली पिंकीला घेऊन बसले होते आणि वामनभाऊ हॉलची किल्ली घेऊन दाराशी.

एकाएकी सासूबाई कमरेपर्यंत आत गेल्या!

"अव माय! कोनं तरी पाय धरला व माहा!"

धरला होता सायकलनं. पायंडलमध्ये पाय अडकला होता. मी आणि वामनभाऊंनी दोन्ही हातांनी कापूस उपसून त्यांना बाहेर काढलं. घोटा टम्म सुजलेला, पाऊल टेकवेना. गाव सगळं वेचणीला गेलेलं, ऑटो बोरीच्या बाजारात. भाऊ पुढं झाले, तर सासूबाई कडाडल्या, "दूर राहा, भाऊजी!" आणि माझ्याकडं वळल्या. "तू उचल."

"मी? आत्याबाई, मले नाई जमत. हातातून सुटलं तं?"

"मंग वर्षभर इथं काय लगन लावून राह्यली होती? उचल!"

गुडघे वाकवले, एक हात त्यांच्या पाठीमागं, एक मांड्यांखाली घातला. डोळे मिटले आणि उठले. उघडले तर मी उभी होते आणि सासूबाई वर!

दोन पावलं टाकली तर मागून पिंकीनं गळा काढला. कापसात उभी राहून, दोन्ही हात वर.

"थांब जराशी," सासूबाई म्हणाल्या. "तिले दे माह्याजवळ."

"कशानं देऊ? माह्ये हात कुठं हायेत!"

"मंग वाक."

मी वाकले. सासूबाईंनी माझ्या हातांवरूनच खाली वाकून पिंकीला बगलेत धरलं आणि पोटावर घेतलं. मी पुन्हा उठले. तशाच तिघी, डोक्यापासून पायापर्यंत कापूस लागलेल्या, भर दुपारी गल्लीतून निघालो.

पिंकीचे बाबा नुकतेच वावरातून येऊन अंगणात पंप खोलून बसले होते. आम्हाला पाहून त्यांच्या हातातला पाना खाली पडला.

"माय! काय झालं व?"

सासूबाई वरूनच म्हणाल्या, "काई नाई झालं. व्यायाम करून राह्यली ते. सरक बाजूले."