माझ्या ओळखीतली मशीन

कुठल्याही गालिच्यावर पाय ठेवण्याआधी तो चप्पल बाहेर काढायचा, उकिडवा बसायचा आणि हाताची पालथी बाजू गालिच्याला लावायचा. आई तापलेल्या पोराच्या कपाळाला लावते तशी. "पहिले अंग पाहू द्या जी," म्हणायचा. ओल कुठे मुरली आहे, धूळ किती खोल गेली आहे, हे त्याला हातातूनच कळायचं. मग मान वर न करता निदान सांगायचा, "या कोपऱ्यात चहा सांडला होता. दुधाचा."

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीचा असेल. अशा माणसाचं नाव आपण फोनमध्ये त्याच्या कामावरूनच साठवतो. माझ्या फोनमध्ये तो 'गालिचेवाला' होता. अजून आहे.

मी नागपुरातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. आमच्या वाचनकक्षात कुणीतरी भेट दिलेला मोठा गालिचा होता आणि तो धुवायला हा वर्षातून दोनदा यायचा. सोबत दोन ब्रश, एक बादली आणि जुन्या सुती चादरींचं गाठोडं. धुणं सोपं, असं त्याचं मत होतं. "पाणी पाजणं कोणालेही जमते. ओढता आलं पाहिजे." घडी केलेली चादर ओल्या गालिच्यावर टाकून तो तिच्यावर गुडघ्यांनी सगळं वजन द्यायचा, मग ती पिळायची, पुन्हा टाकायची. गालिच्यात पाणी राहिलं की दुसऱ्या दिवशी कुबट वास सुटतो. त्याच्या गालिच्याला तसा वास कधी आला नाही. एकदा एक प्राध्यापक बुटांसकट आत येऊ लागले, तेव्हा याने बसल्या जागेवरून हात आडवा केला. "सर, पेशंट अजून उठला नाही जी."

पुढे त्याचे गुडघे दुखू लागले. शिवाय शहराच्या टोकाला, बेसाकडच्या नव्या फ्लॅटमधली मंडळी फोनवर व्हिडिओ पाहून पहिला प्रश्न विचारायची, मशीन आहे का? "हात आहे म्हटलं की फोनच ठेवून देते," हे तो हसत सांगायचा. त्यात बुटीबोरीच्या रस्त्यावरचं एक हॉटेल त्याला महिन्याचं बांधलेलं काम द्यायला तयार झालं. अट एकच, मशीन पाहिजे. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच उद्याच्या कामाची चिंता मिटणार होती.

तो सल्ल्यासाठी माझ्याकडे आला. दुकानात एक नवी मशीन होती, लहान, वर्षाच्या हमीची. त्याचा कल तिच्याकडे होता. बिघडली तर दुकानदाराच्या दारात जाऊन बसता येते, असं त्याचं म्हणणं. मीच त्याला जुनी सुचवली. आमच्या कॉलेजातले एक निवृत्त प्राध्यापक धरमपेठेत राहायचे. त्यांच्या मुलाने कधीतरी साफसफाईचा व्यवसाय काढला होता, तो सोडून तो परदेशी गेला आणि मशीन गॅरेजमध्ये पडून राहिली. मोठी, परदेशी, नव्याच्या निम्म्या किमतीत. शिकलेलं घर आहे, फसवणूक होणार नाही, असं मी त्याला म्हणाले.

हे खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. त्या वर्षी माझ्या लेखांचं छोटं पुस्तक निघायचं होतं आणि सरांनी त्याला प्रस्तावना लिहावी अशी माझी फार इच्छा होती. त्यांच्या घरी जायला मला निमित्त हवं होतं.

आम्ही गेलो. सरांनी स्वतः गॅरेज उघडलं. मशीनच्या पोटात दोन टाक्या होत्या. एक साबणाचं गरम पाणी गालिच्यात सोडते, दुसरी मळकं पाणी परत खेचून घेते. सरांनी बटण दाबलं, मोटर मोठ्याने गरजली. सोबतचं इंग्रजी पुस्तक मी मोठ्याने वाचून त्याचा अर्थ त्याला सांगितला. सर कौतुकाने ऐकत होते आणि मी जरा जास्तच वेळ वाचत राहिले. इतक्यात सरांच्या पत्नींनी पोहे आणले.

तो पोह्यांना हात न लावता मशीनजवळ उकिडवा बसला होता. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, एक बादली पाणी टाकून पाहू का? कोरडी तर सगळीच गरजते."

सरांनी ऐकलं होतं. त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या. मला ओशाळल्यासारखं झालं, याच्यामुळे.

"कशाला आता, भाऊ?" मी म्हणाले. "सरांच्या घरची वस्तू आहे."

त्याने एकदा माझ्याकडे, एकदा मशीनकडे पाहिलं. "बरं जी," म्हणाला आणि पोहे खाल्ले. मशीन त्याच दिवशी त्याच्या घरी गेली. निघताना मी सरांच्या हातात माझं हस्तलिखित दिलं.

पुढे तो भेटला की मी विचारायची, मशीन कशी आहे? "मस्त आहे जी. पाणी तर असं मारते." हॉटेलचं? "पाहून राहिलो." मला बरं वाटायचं. प्रस्तावनाही आली, चांगली दोन पानी.

काही महिन्यांनी माझ्या भाचीच्या बेसाच्या घरी मीच त्याला पाठवलं आणि दुपारी सहज तिकडे गेले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मशीनचा आवाज येत होता. मी दार ढकललं. मशीन भिंतीशी उभी राहून नुसतीच गरजत होती आणि तो खाली, घडी केलेल्या चादरीवर गुडघे टेकून, दोन्ही हातांनी पाणी दाबून काढत होता. चादर बादलीत पिळताना त्याने मला पाहिलं.

चोरी माझी होती, पण दचकला तो. मग हसला.

"मशीन पाणी पाजते जी. ओढाचं तेवढं मले करा लागते."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

हॉटेलवाल्याने आठच दिवसांत काम काढून घेतलं होतं. हॉलचा गालिचा ओला राहिला, वास सुटला. एवढा मोठा हॉल दोन हातांनी कोरडा झाला नव्हता. मशीन मिस्त्रीला दाखवली तर गरजत होती ती नुसती पाणी सोडणारी मोटर; खेचणारी जळलेली निघाली, आणि तिचा सुटा भाग इथे मिळेना. मशीन चालू कशाला ठेवली, असं मी विचारलं. ती बंद केली की बाहेरच्यांना काम थांबल्यासारखं वाटतं, असं तो म्हणाला.

"मले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. माझ्या तोंडून त्याचीच बोली निघाली.

"तुमच्या ओळखीतली होती ना जी."

तो चादर पिळू लागला. मी सरांशी बोलते म्हणाले. त्याने मान हलवली, जशी आपण पाहुण्याच्या निरोपाला हलवतो. भाचीने चहा केला होता, तो पिऊन मी घरी आले.

सरांशी मी बोलले नाही. पुस्तक छापखान्यात होतं, त्यानंतर त्याचं प्रकाशन होतं, सर अध्यक्ष होते. प्रकाशन झाल्यावर आता इतक्या उशिरा काय बोलायचं, असं वाटलं. त्याने एकदाही विचारलं नाही. तो विचारत नाही याचा मी उपयोग करून घेतला.

उन्हाळ्यात तो गेला. काम आटोपून घरी आला, पाणी मागितलं आणि भिंतीला टेकला तो टेकलाच. मशीनमुळे गेला असं मी म्हणत नाही. पण त्याचे गुडघे आठवतात.

महिन्याभराने मी त्याच्या घरी गेले. उमरेडहून एक गृहस्थ मशीन पाहायला आले होते, त्यांना नवीन धंदा सुरू करायचा होता. ती अंगणात काढून ठेवली होती. त्याची बायको आतून पाण्याची बादली आणि एक सतरंजी घेऊन आली. बादली त्यांच्यापुढे ठेवून म्हणाली, "पाणी टाकून पाहून घे गा भाऊ. ही ओढत नाही. ओढत नाही हे पाहून मग काय द्याचं ते दे."

त्यांनी टाकून पाहिलं. मशीन गरजली, सतरंजी चिंब झाली आणि तशीच राहिली. त्या गृहस्थांनी बटण बंद केलं. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्ही घरातल्याच का?

"या मॅडम," ती म्हणाली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "यायच्या ओळखीनं घेतली होती."

"हो," मी म्हणाले.

ते गृहस्थ विचार करून कळवतो म्हणून गेले. पाणी सतरंजीवरून अंगणभर पसरत होतं. दाराशी त्याचं चादरींचं गाठोडं होतं. मी त्यातली एक काढली, घडी केली आणि खाली बसले. मला धड वजन देता येईना. चादर नुसती वरवर भिजली, खालचं पाणी खालीच राहिलं.

तिने माझ्या हातातून चादर काढून घेतली.

"तुमी नका करू जी. ऊन आहे. वाळून जाईन."